मुळ्यांचा हंगाम संपू दे

जपानच्या उत्तरेकडच्या ओयासावा गावच्या कचेरीत फुसाएनं एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काढली, पण डोंगराकडच्या वाड्यांवरची म्हातारी माणसं तिला नावानं क्वचितच ओळखत. त्यांच्या लेखी ती 'काडीवाली' होती. दर जूनमध्ये ती कचेरीची पांढरी छोटी गाडी घेऊन निघायची आणि घरोघरी हिरवी पाकिटं वाटायची. पाकिटात दोन नळ्या, प्रत्येक नळीच्या झाकणाला आतून एक काडी. लागोपाठ दोन सकाळी ती काडी शौचावरून फिरवायची, नळीत बंद करायची, वर नाव लिहायचं आणि कचेरीत आणून द्यायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्त असेल तर ते त्यात सापडतं.

"आली बघा काडीवाली! साऱ्या गावाची घाण गोळा करायला!" सफरचंदाच्या बागेतून ओतोवा आजी शिडीवरूनच ओरडायची.

"गोळा केलेली बरी, आजी. तुम्ही पाच-पाच दिवस साठवून ठेवता ती वाईट," फुसाए खालून म्हणायची आणि पाकीट शिडीच्या पायरीला अडकवून पुढं जायची.

ज्यांच्या नळीत रक्त सापडे त्यांना सप्टेंबरात कचेरीचं पत्र जाई. पुढची तपासणी हवी, म्हणजे जिल्ह्याच्या इस्पितळात जाऊन आतड्यात दुर्बीण घालून घ्यायची. खरं काम तिथं सुरू होई. पाकीट सगळे घेत, पत्र मात्र कुणालाच नको असे.

"मागून नळी घालणार? त्यापेक्षा मेलेलं बरं," लाकडाच्या वखारीतला एकजण तिला म्हणाला होता.

"मरायला वेळ लागतो हो. आणि तेव्हा नळ्या जास्त लागतात," फुसाएनं तिथल्या तिथं सुनावलं. तो गेला. आतून सात गाठी निघाल्या, साध्याच, पण पुढं साध्या राहिल्या असत्या असं कुणी सांगावं! गावच्या शाळेतल्या एका तरुण मास्तरणीला चार महिने दिवसातून दहादा रक्त-आवेचं व्हायचं. ती म्हणायची, मला शाळेचा ताण आला की होतं. फुसाएनं तिला जवळजवळ ओढतच नेलं. दुर्बिणीतून दिसलं की आतडं आतून सोलल्यासारखं झालंय. चिमूटभर तुकडा काढून तपासला, आजाराचं नाव कळलं, औषध लागू पडलं. मास्तरणीला पुढं दोन मुलं झाली. पहिल्या मुलीच्या बारशाचा, शुभकार्याला करतात तो लाल भात फुसाएच्या घरी आला होता.

लोकांना समजावताना ती म्हणायची, "रक्त दिसलं म्हणजे काय झालं ते रक्त सांगत नाही. मूळव्याध असेल, जखम असेल, सूज असेल, गाठ असेल. घरात चोर शिरलाय की मांजर, ते दार उघडून बघितल्याशिवाय कसं कळणार? आणि मूळव्याध असलेल्याला दुसरं काही होत नाही, असा काही सरकारी नियम नाही." हे शेवटचं वाक्य तर तिनं हजारदा म्हटलं असेल. कारण तिकडच्या पुरुषांत निम्म्यांना मूळव्याध, आणि सगळं रक्त तिच्याच नावावर खपवायची त्यांना सवय.

फुसाएला एकच भाऊ, तोकुझो. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील ती सहा वर्षांची असताना गेले, आई त्यानंतर चार वर्षांनी. तेव्हापासून तोकुझोच तिचा बाप. त्या काळी बर्फ पडायला लागला की गावातले पुरुष टोकियोकडे बांधकामावर जात आणि वसंतात परतत. तोकुझो असे अकरा हिवाळे गेला. त्या हिवाळ्यांवर फुसाए शहरातल्या परिचारिकांच्या शाळेत शिकली. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही. फक्त ती पहिल्यांदा पांढरा कोट घालून घरी आली, तेव्हा तो बायकोला, किनूला, म्हणाला, "बघ, आता घरात फुकट डॉक्टर आला."

फुसाएनं लग्न केलं नाही. गावकचेरीजवळ दोन खोल्यांत ती एकटी राहायची, पण शनिवार-रविवार भावाच्या घरी. तोकुझोचा धंदा धुरी दिलेल्या मुळ्यांच्या लोणच्याचा. ऑक्टोबर उजाडला की शेतातून मुळे निघत, धुऊन सुतळीनं एकाखाली एक शिडीसारखे बांधले जात आणि अंगणातल्या धुरीघराच्या आढ्याला टांगले जात. खाली चेरीची आणि ओकची लाकडं. चार दिवस ती धुमसत ठेवायची, भडकू द्यायची नाही, विझू द्यायची नाही. मग मुळे कोंड्यात दाबायचे आणि पुढची खेप चढवायची. बर्फ पडेपर्यंत हेच. त्या दीड-दोन महिन्यांत त्या घरात कुणाला आजारी पडायलासुद्धा सवड नसे.

त्या वर्षी तोकुझो सदुसष्ट वर्षांचा होता. सप्टेंबरात पत्रं पाठवायची यादी फुसाएच्या टेबलावर आली आणि एकोणिसाव्या ओळीत तिला भावाचं नाव दिसलं. दोन्ही नळ्यांत रक्त. तिनं इतरांसारखंच त्याचंही पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, आणि तो स्वतः बोलेल म्हणून वाट बघत राहिली.

तो बोलला ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी. फुसाए अंगणात बसून मुळे बांधत होती. किनू नळाखाली रबरी हातमोजे घालून मुळे घासत होती. तोकुझो धुरीघरातून डोळे पुशीत बाहेर आला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"इस्पितळानं तारीख दिलीय. नऊ नोव्हेंबर."

"बघू." तिनं कागद वाचला. आदल्या दिवशी पथ्याचं खायचं, त्या दिवशी सकाळपासून औषध पिऊन पोट धुवायचं, दुपारी तपासणी, काही काढलं तर आठवडाभर जड उचलायचं नाही.

"आठवडाभर!" तोकुझो म्हणाला. "आणि हे मुळे काय स्वतःच चढणार आहेत आढ्याला?"

"रक्त दिसतं का तुला?"

"कधीमधी. कागदाला लागतं. मूळव्याध काय आजची आहे का माझी? टोकियोतल्या थंडीची कमाई आहे ती."

"लाल भडक की काळपट?"

"आता ते काय मी चष्मा लावून बघत बसतो?" तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "तूच सांग फुसा. तू म्हणशील तर जातो."

फुसाएच्या हातात सुतळी होती. तिच्या मनात त्या क्षणी काय काय येऊन गेलं ते तिला पुढं कायम आठवत राहिलं. शेतात अजून निम्मे मुळे होते. वहिनीचे गुडघे धड नव्हते. भाचा शुहेई दूर सेंदाई शहरात नोकरीत, त्याला रजा मिळणार नव्हती. म्हणजे धुरीघर सांभाळायला तिलाच रजा टाकावी लागली असती, आणि नोव्हेंबरात कचेरीत म्हाताऱ्यांच्या लसीकरणाची गर्दी. ती फार दमली होती. आणि भाऊ समोर बसला होता तो काळासावळा, दणकट, धुराच्या वासाचा, जसा नेहमी असायचा तसाच.

"मुळ्यांचा हंगाम संपू दे," ती म्हणाली. "फेब्रुवारीत जा. तारीख मी बदलून घेते."

तोकुझोचा चेहरा मोकळा झाला. "हे बरं झालं," म्हणत तो गुडघ्यावर हात देऊन उठला आणि पुन्हा धुरात शिरला.

सोमवारी तिनं इस्पितळात फोन करून तारीख बदलली. कचेरीच्या वहीत त्याच्या नावापुढं लिहिलं: 'जुनी मूळव्याध. फेब्रुवारीत तपासणी.' लिहिताना ती क्षणभर थांबली. दुसऱ्या कुणाच्या घरी 'जुनी मूळव्याध' हे शब्द तिनं ऐकूनही घेतले नसते.

फेब्रुवारीत छपरावर दीड माणूस उंचीचा बर्फ चढला. तोकुझोला खोकला झाला, त्यानं तारीख रद्द केली आणि नवी घेतलीच नाही. मार्चमध्ये फुसाएला कळलं.

"रक्त थांबलंय गं आता," तो म्हणाला. "उगाच कशाला?"

"तरी जाऊन ये हं दादा," ती म्हणाली. दारातून निघालेल्या पाहुण्याला आपण 'पुन्हा या हं' म्हणतो ना, त्याच सुरात. तिलाही ते तेव्हाच कळलं होतं. पण नवी तारीख तिनं काही घेतली नाही.

जूनमध्ये नवं पाकीट तिनं स्वतः त्याच्या हातात दिलं. ऑगस्टमध्ये ते तिला दारातल्या चपलांच्या कपाटावर तसंच पडलेलं दिसलं, वर धूळ. त्या दिवशी ती घाईत होती. पुढच्या मार्चमध्ये ती साठीची होऊन निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी गावप्रमुखांनी भाषण केलं. काडीवाल्या बाईंमुळे गावातले किती जीव वाचले, वगैरे. ओतोवा आजीनं टाळ्या वाजवल्या, आणि पहिल्या रांगेत तोकुझोनंही.

त्या शरदात, म्हणजे पत्र आल्याला दोन वर्षं होऊन गेल्यावर, फुसाए पुन्हा अंगणात मुळे बांधत होती. आता तिला सवड होती. तोकुझोनं मुळ्यांची माळ उचलली, शिडीच्या दोन पायऱ्या चढला आणि तिथंच थांबला. खांबाला टेकून श्वास घेत राहिला. उन्हात त्याचा चेहरा तिला पहिल्यांदा नीट दिसला. राखेसारखा. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं होती.

"वहिनी," ती हळूच किनूला म्हणाली, "दादा जेवतो ना नीट?"

"कसलं जेवतात! चार दिवस पोट कोंडतं, मग दोन दिवस धावत सुटतात. आणि मला सांगत होते, होतं तेही पेन्सिलीसारखं बारीक. मी म्हटलं, फुसाला सांगा. तर म्हणाले, ती आत्ता कुठं निवृत्त झालीय, तिला जरा श्वास घेऊ दे."

फुसाएनं सुतळी बाजूला ठेवली. तिनं उठून भावाच्या हातातली माळ घेतली, जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, "दादा, गाडीत बस."

"खेप तर चढू दे..."

"गाडीत बस म्हणते ना!"

तिचा तो आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. तो निमूटपणे बसला. तिनं विस्तव विझवायला लावला. ऐन हंगामात धुरीघर थंड पडण्याची त्या घरात ती पहिलीच वेळ.

रक्ताच्या तपासणीत रक्त निम्म्यावर आलेलं निघालं. तीन दिवसांनी दुर्बीण घातली. आतडं पूर्ण धुवायचं औषध त्याला देताच आलं नाही, वाट तुंबायची भीती होती, म्हणून खालूनच जेवढं साफ झालं तेवढ्यावर भागवलं. जिल्ह्याच्या इस्पितळातल्या मिझुशिमा डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावलं. पडद्यावर एक चित्र होतं. गुलाबी नळी, आणि पुढं वाट अडवून बसलेला खडबडीत, रक्ताळलेला फुलकोबीसारखा गोळा.

"दुर्बीण इथपर्यंतच गेली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढं जायला जागा नाही. तुकडा घेतलाय, पण मला शंका वाटत नाही. पोटाच्या चित्रात यकृतातही डाग दिसताहेत."

"पण त्यांना तर मूळव्याध..." किनू म्हणाली.

"तीही आहे. पण रक्त तिचं एकटीचं नव्हतं." डॉक्टरीणबाईंनी कागद उलटले. "दोन वर्षांपूर्वी काडीच्या तपासणीत रक्त आलं होतं. इथली तारीखही ठरली होती, ती पुढं ढकललेली दिसते. का?"

फुसाएनं तोंड उघडलं.

"मी ढकलली," तोकुझो म्हणाला. "ही माझी धाकटी बहीण, तुम्ही ओळखताच हिला. मागं हात धुऊन लागली होती माझ्या. मीच ऐकलं नाही. फार हेकट माणूस आहे मी, डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंनी फुसाएकडं बघून सहानुभूतीनं मान हलवली. वर्षानुवर्षांची ओळख होती. घरचेच लोक ऐकत नाहीत, असं काहीसं त्या म्हणाल्या. खरं सांगायला एक क्षण मिळाला होता, तो गेला.

परतताना किनू मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. बऱ्याच वेळानं तोकुझो खिडकीबाहेर बघतच पुटपुटला, "त्या बाईंसमोर तुझी शोभा कशाला? साऱ्या जिल्ह्यात तुझं नाव आहे."

"दादा, मी तेव्हा..."

"रस्त्याकडं बघ. पुढं वळण आहे."

त्या विषयावर त्यानं तिला पुन्हा तोंड उघडू दिलं नाही. शस्त्रक्रिया झाली, पोटावर पिशवी आली. फुसाएनं ती बदलायला किनूला शिकवलं. औषधांनी त्याच्या बोटांना मुंग्या येत, सुतळीची गाठ मारता येत नसे. पुढच्या शरदात तो धुरीघराच्या दारात घडीच्या खुर्चीवर बसून नुसता धुराचा रंग बघून हुकूम सोडायचा. "लाकूड ओलं आहे. पांढरा धूर नको, निळा हवा." सेंदाईहून शुहेई रजा काढून आला होता. बाप आजारी पडल्यावर मात्र त्याला रजा मिळाली. मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या आधी, तोकुझो गेला. पत्र आल्यापासून साडेतीन वर्षं. वय एकाहत्तर.

मिझुशिमा डॉक्टरीणबाईंनी आजार कळला त्या आठवड्यातच बजावलं होतं. सख्खी बहीण आणि मुलगा, दोघांनी काडीवर विसंबून राहायचं नाही, थेट दुर्बीणच घालून घ्यायची. ज्याच्या रक्ताच्या माणसाला हे झालंय, त्यानं लक्षणांची वाट बघायची नसते. फुसाए मान डोलावून आली होती. आणि गंमत बघा, साऱ्या गावाला दुर्बिणीखाली घालणाऱ्या या बाईनं स्वतः एकदाही ती घालून घेतलेली नव्हती. तिच्या नळ्या दर वर्षी स्वच्छ यायच्या, गरज पडली नव्हती. आता गरज होती, तरी ती जाईना. दादाच्या आजारपणात सवड नाही म्हणाली. तो गेल्यावर तेही कारण उरलं नाही. रात्रंदिवस तिच्या मनात एकच होतं, जे आपण दादाला मिळू दिलं नाही, ते आपण कोणत्या तोंडानं घ्यायचं?

पहिल्या वर्षश्राद्धाला भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेले. पाहुणे जेवून पांगले. दोघी नणंद-भावजया स्वयंपाकघरात लाखेचे वाडगे पुसत होत्या.

"वहिनी, तुला एक सांगायचंय," फुसाए म्हणाली. "त्या दिवशी दवाखान्यात दादा खोटं बोलला. तारीख मी ढकलली होती. मी म्हटलं होतं, मुळ्यांचा हंगाम..."

"ठाऊक आहे मला."

फुसाएनं फडकं खाली ठेवलं.

"नळाशी मुळे घासत मीच बसले होते ना? ऐकलं मी," किनू म्हणाली. तिनं वाडगा दिव्याकडं धरून बघितला. "मलाही बरंच वाटलं होतं तेव्हा. सुटलो म्हटलं. पण मी अडाणी बाई, फुसा. तू तर शिकलेली होतीस. फार राग आला होता मला तुझा. वर्षभर आला. अजूनही कधी कधी येतो, सकाळी उठल्यावर."

"यायलाच हवा."

"यायलाच हवा म्हणून काय होतं? त्यानं तुला सुटल्यासारखं वाटेल, मला काय?" किनूनं वाडगा आदळला नाही, पण ठेवला जरा जोरानं. "ते राहू दे. तू जाऊन आलीस का तपासायला?"

"नाही अजून."

"का?"

फुसाएनं फडकं पुन्हा उचललं.

"शुहेई म्हणतो, आत्या जाईल तेव्हा मी जाईन. तिला माहीत असतं कधी जायचं ते. ऐकलंस? नवरा तुझ्या शब्दावर थांबला. आता पोरगाही थांबलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळ उघडताच फुसाएनं फोन केला. दोघांची तारीख एकाच दिवशी मिळाली, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात.

आदल्या दिवशी तिनं पांढऱ्या भाताची पेज आणि साधे नूडल्स खाल्ले. समुद्री शेवाळ नाही, तीळ नाही, अळंबी नाही. ही यादी तिला गेली तीस वर्षं पाठ होती. सकाळी इस्पितळातल्या एका लांबट खोलीत सहा खुर्च्या, समोर टीव्ही आणि पलीकडं ओळीनं शौचालयं. प्रत्येकाच्या पुढ्यात दोन लिटरचं प्लास्टिकचं भांडं. फुसाए लोकांना सांगायची, लिंबूसरबतासारखं लागतं. पहिला घोट घेतला आणि तिला कळलं की आपण तीस वर्षं लोकांना थापा मारल्या. समुद्राच्या पाण्यात लिंबाचा साबण विरघळवावा तसं ते लागत होतं.

"पहिलीच वेळ का बाई?" शेजारचे एक आजोबा म्हणाले. "प्यायचं आणि येरझाऱ्या घालायच्या. बसलात की अडकलात. माझी चौथी. त्या तीन नंबरच्या संडासाची कडी नीट लागत नाही, तिकडं जाऊ नका."

"आत्या, तीन नंबरला मी जातो, तू ऊठ, चार नंबर रिकामा आहे!" शुहेई पोट धरून पळाला. चाळिशीचा बाप्या, पण चेहरा शाळकरी झाला होता. खोलीतले सगळे हसले. फुसाएही हसली, बऱ्याच महिन्यांनी.

दर वेळी परिचारिकेला बोलावून रंग दाखवायचा होता. "अजून चहा आहे," ती म्हणायची. "नुसतं पिवळं पाणी व्हायला हवं. आणखी दोन पेले." पाचव्या खेपेला तिनं फुसाएच्या हातावरची पट्टी वाचली आणि दचकली. "म्हणजे तुम्ही त्या ओयासावाच्या फुसाएबाई? माझ्या सासूबाईंना तुम्हीच पाठवलं होतं. त्यांची गाठ वेळेत निघाली. त्या अजून नाव काढतात तुमचं."

फुसाएनं मान खाली घातली. मागून फट असलेली कागदी चड्डी घालून ती टेबलावर डाव्या कुशीवर झोपली. झोपेचं औषध तिनं थोडंच मागितलं. तिला बघायचं होतं.

पडद्यावर वाट उघडत गेली. गुलाबी, ओली, चकचकीत, नाजूक लाल शिरांची. वळणावर पोटात ओढ बसली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "श्वास सोडा," आणि वळण निघून गेलं. दुर्बीण टोकाला पोचली आणि सावकाश मागं येऊ लागली. एका घडीआड एक लहान फोड होता. तो चिमटीत गेला. मग डावीकडच्या वळणाजवळ, जिथं दादाचा गोळा होता साधारण तिथंच, एक गाठ दिसली. देठावर उभी, अळंबीसारखी, लालसर.

"ही जरा मोठी आहे. दीड सेंटीमीटर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तारेचा एक बारीक फास गाठीवरून खाली सरकला, देठाशी आवळला. पांढरा चटका दिसला आणि गाठ सुटून बाजूला पडली. फुसाएला काहीही जाणवलं नाही. चिमटासुद्धा नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. पंचवीस मिनिटं लागली, गाठीमुळं. एरवी त्याहून लवकर होतं."

फुसाए कुशीवरच पडून राहिली. पंचवीस मिनिटं. मग तिला रडू फुटलं, असं की टेबल हलायला लागलं. परिचारिका घाबरून वाकली. "दुखतंय का हो कुठं?" फुसाए मान हलवत राहिली. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माझ्या भावाची तारीख मी ढकलली होती. त्यानं नाही. त्यानं तुमच्यासमोर मला पाठीशी घातलं."

दार लोटून घ्यायला डॉक्टरीणबाईंनी परिचारिकेला खूण केली. "बरं केलंत सांगितलंत," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ती शांत होईपर्यंत बसून राहिल्या. तुमची चूक नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. फुसाएला ते मनोमन पटलं.

शुहेईचं आतडं स्वच्छ निघालं. फुसाएच्या गाठीचा निकाल तीन आठवड्यांनी आला. गाठीच्या माथ्यावर पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण बिघाड वरच्या थरातच होता, देठापर्यंत उतरला नव्हता. सगळं निघालं होतं. आणखी काही करायचं नाही, वर्षानं पुन्हा बघायचं.

तो कागद घेऊन ती थेट किनूकडं गेली. मे महिना होता. किनू ओसरीवर डोंगरातली कोवळी भाजी निवडत बसली होती, हिरवे देठ सोलून पाण्यात टाकत होती. फुसाएनं कागद वाचून दाखवला, डॉक्टरी शब्द सोपे करून. किनूनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझं निघालं."

"निघालं."

किनूनं आणखी दोन देठ सोलले. मग मान वर न करताच विचारलं, "त्यांचाही तेव्हा एवढाच असेल का गं?"

काडीवाली म्हणून बोलायचं असतं तर ती म्हणाली असती, तसं नक्की सांगता येत नाही. ते खरंही होतं. पण वहिनीला तेवढं सांगून गप्प बसणं तिला शक्य नव्हतं.

"थोडा मोठा असेल," फुसाए म्हणाली. "कदाचित दुर्बिणीतून निघाला नसता, चिरफाड करावी लागली असती. पण वाट मोकळी होती तेव्हा. यकृतात बहुधा काही नसणार. बहुतेक वाचला असता, वहिनी."

किनूनं मान डोलावली. हातातला देठ तिनं पाण्यात टाकला, दुसरा घेतला, आणि थोड्या वेळानं परात जराशी सरकवून अर्धी भाजी फुसाएच्या पुढ्यात केली. फुसाए खाली बसली. दोघी सोलत राहिल्या. उन्हं उतरेपर्यंत दोघींपैकी कुणी उठलं नाही.